कडू टोक

सकाळी दहाला मी काचेच्या बशीत दोन पानं ठेवते.
डावीकडं वांग्याचं, उजवीकडं डोर्लीचं,
मधोमध रात्रभर उपाशी ठेवलेली अळी.
मग घड्याळ लावून बसायचं.
शेती कॉलेजातल्या मागच्या खोलीत
याचाच मला पगार मिळतो, अकरा महिन्यांचा.

डोर्ली मी कात्यायनीच्या माळावरनं आणते.
तिला कुणी पाणी घातलं नाही, कुणी नाव पुसलं नाही.
हातमोज्यातनंही ती बोटं फोडते.
पानाच्या शिरेवर काटे, काट्यांच्या मधे लव,
आणि लवेतनं पार झालंच कुणी
तर पानाच्या पोटात कडू.

अळी आधी तिकडंच जाते बरं का.
दोन पावलं लवेत रुतवते, डोकं वर उचलते,
चुकीचं दार वाजवल्यावर माणूस थांबतो, तशी थांबते.
मग वळते, आणि वांग्याच्या पानाला
कडेनं चंद्रकोर पाडत जाते.
खाताना आवाज येत नाही.
पन्नासातल्या त्रेचाळीस. मी डाव्या रकान्यात रेघ ओढते.

आई कपिलतीर्थात भाजी विकते.
"कडू न्हाईत न्हवं हौसाक्का? बी लई न्हाई न्हवं?
देठाचा काटा लेकराला लागतोय वं."
ती एकेक वांगं उलटंपालटं करून दाखवते.
मला तिथं उभं राहून वाटतं,
हे गिऱ्हाईक हजारो वर्षांपासून इथंच उभं आहे.
कुणीतरी पहिल्यांदा काट्यांत हात घातला,
त्यातल्या त्यात कमी कडू फळ तोडलं, बी राखेत घोळून ठेवलं.
मग तिच्या लेकीनं. मग लेकीच्या सुनेनं.
वाईट कुणीच काही केलं नाही,
फक्त दर खेपेला जरा गोड निवडलं.

झाडानं ऐकलं.
काटे उतरवले, लव विरळ केली,
सगळी ताकद गराकडं वळवली,
आणि माणूस राखणीला आहे म्हणून
दाराची कडी काढून ठेवली.
राखण आपण केलीच की.
पंप पाठीवर घेऊन. बुधवारी, आणि पुन्हा शनिवारी.

मिरचीचं मात्र वेगळं, इंगवले मॅडम म्हणतात.
तिचा राग आपल्याला आवडला, म्हणून टिकला.
(तरी तिला बोकड्या पडतोच.
रागावून सगळे शत्रू पळत नाहीत,
हे कोल्हापुरात कुणाला सांगायचं?)

रात्री आई काकडी चिरायला बसते.
टोक कापते, तेच टोक कापल्या जागी घासते,
गोल गोल, पांढरा फेस येईपर्यंत.
"कडू उतरतंय," म्हणते.
मी म्हणते, "आई, तो फेस न्हवं.
काकडीला रानातलं आठवतंय अजून."
ती फेस बोटानं निपटून टाकते.
"आठवण घशाखाली उतरत न्हाई, बाई. मीठ दे."

ती आत गेल्यावर मी ते टोक उचललं
आणि चावून खाल्लं.
जीभ आक्रसली. कानामागं शहारा आला.
किडा असते तर मी तिथंच वळले असते.

आज बशीत तिसरं पान आहे.
डोर्लीचं आणि वांग्याचं मिळून झालेलं, सहा वर्षं लागली.
पहिल्या साली फळं इतकी कडू की माळीमामांनी थुंकली.
दुसऱ्या साली गोड, आणि अळीनं चाळण केली.
ह्याला काटा आहे, पण बारका. लव आहे, हाताला जाणवेल एवढी.
चव अजून कुणी घेतलेली नाही.

अळी मधोमध आहे. डोकं वर.
दहा वाजून चार मिनिटं.
पेन्सिल हातात आहे, आणि माझ्या तोंडात
कालचं कडू अजून गेलेलं नाही.